मारोतीची विहीर

चैत्र सरला आणि गावात टँकर सुरू झाले. टँकर येतो आठला, पण चिंचेखाली घागरींची रांग पहाटेपासून लागलेली असते. माणसं घरी आणि घागरी रांगेत. ज्यांच्याकडं जादा घागर नाही त्यांनी नुसता धोंडा ठेवलेला असतो, आणि तो धोंडा कुणाचा हे सगळ्यांना माहीत असतं. वारा सुटला की रिकामी प्लॅस्टिकची घागर रांग सोडून गडगडत जाते. पूर्वी पितळी असायच्या, त्या जागच्या हलत नसत.

परवा दुपारी भाकरी थापत होते, तर सुनेचा मोबाइल एकदम किंचाळला. वाजला नाही, किंचाळलाच. शेजारच्या घरातला, त्याच्या पलीकडच्या घरातला, सगळ्या गल्लीतले फोन एकाच वेळी ओरडले. कोंबड्या पळाल्या. सून धावत आली, फोन माझ्यापुढं धरला आणि म्हणाली, "आत्या, घाबरू नका. सरकारनं चाचणी घेतलीया. संकट आलं तर सांगायला. आवाज पोचतोय का न्हाई ते बघून राहिलेत."

"पोचला," मी म्हणाले.

तव्यावरची भाकरी त्या गडबडीत करपली. तो वास आला आणि मी तिथंच बसून राहिले. सुनेला वाटलं, मी आवाजानं दचकले. तिला काय सांगू. त्या उन्हाळ्यातही असाच वास होता. वाळलेल्या जमिनीचा, तापलेल्या पत्र्याचा, आणि त्यात बॅटरीच्या तेजाबाचा आंबूस वास.

मी हे वहीत लिहिते आहे. शाळेत चौथीपर्यंत गेले. मास्तर म्हणायचे, हिचं अक्षर मोत्यासारखं आहे, तोंड मात्र कुलूप घातल्यासारखं. माझं माहेर इस्लापूर. सहस्रकुंडाचं पाणी पावसाळ्यात पडायला लागलं की त्याचा आवाज दिवसरात्र कानात असायचा. माझे भाऊ, चुलते, सगळे त्या सवयीनं मोठ्यानं बोलत. मला ते जमलं नाही. हळू बोललं तर ऐकू जात नाही, मोठ्यानं बोलायचा धीर होत नाही, म्हणून मी बोलणंच कमी केलं. लग्न करून लातूरकडं आले तेव्हा पहिल्यांदा कळलं, पाण्याचा आवाज नसलेलं गाव कसं असतं. सासूबाई म्हणायच्या, "पोरगी मुकी हाय का बघून घेतली न्हाई कुणी."

जिल्हा तेव्हा नवा झालेला. उस्मानाबादेतून लातूर वेगळं निघालं, आणि सगळ्या पाट्या पुन्हा रंगवल्या गेल्या. रंग हलका होता. दुपारचं ऊन तिरपं पडलं की नव्या नावाच्या खाली जुन्या जिल्ह्याचं नाव दिसायचं. म्हातारी माणसं कागदासाठी अजून जुन्याच जिल्ह्याला जायची आणि परत यायची. नव्या कचेऱ्या निघाल्या, त्यात माझ्या मालकांना मुरुडला टंचाईच्या कामावर शिपायाची हंगामी नोकरी लागली. आम्ही वाडी सोडून मुरुडला खोली केली. सासू-सासरे वाडीतच राहिले. वाडीचं नाव मी लिहीत नाही. ती जिल्ह्याच्या अगदी कडेला, दोन ओढे ओलांडून. एसटी नव्हती, फोन नव्हता. मुरुडहून बैलगाडीनं निघालं तर अख्खा दिवस जायचा.

पाऊस सलग दुसऱ्या साली गेलेला. आभाळाकडं बघणं लोकांनी सोडून दिलं होतं. बाया रोजगार हमीवर खडी फोडत, आणि त्यांच्या हातांवर पांढरी धूळ बसून हात म्हातारीचे दिसत. कावळे टँकरच्या तोटीखाली वाकून गळणारं पाणी प्यायचे, माणसांना भ्यायचे नाहीत.

त्या उन्हाळ्यात हमीदभाई लातूरहून आले. त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, बापजाद्यांपासून शहरात राहणारे. स्वतःच्या हातानं केलेला बिनतारी संच त्यांच्याकडं होता आणि त्यावर बोलायचा सरकारी परवाना. कचेरीतल्या साहेबांना त्यांनी सांगितलं, वाड्यावस्त्यांना तार नाही, फोन नाही, साथ आली, विहीर ढासळली, आग लागली, तर कळणार कसं? मला माणसं द्या, मी शिकवतो. पंचायतीच्या जुन्या धान्याच्या खोलीत वर्ग भरला. कडुनिंबापासून झेंड्याच्या खांबापर्यंत तांब्याची तार ताणली. कॉलेजची दहा-बारा पोरं आली, एक कंपाउंडर आला. मी खोली झाडायला आणि रांजण भरायला होते.

पोरांना आधी मौज वाटली. मग शिकणं कंटाळवाणं निघालं. हमीदभाई एकच निरोप दिवसभर पुन्हा पुन्हा म्हणून घ्यायचे. आधी कागदावर लिही. मग वाच. पलीकडचा लिहून घेईल आणि परत वाचून दाखवील. मग तू बरोबर म्हण. त्याशिवाय निरोप गेला असं समजायचं नाही.

"बटन दबाया तो बोलना, छोडा तो सुनना," ते सांगायचे. "दोनों एक साथ नक्को. और घर का गप्पा नक्को. जे कागदावर ते तोंडात."

पोरं एकेक करून गळाली. उन्हात कोण येतं. महिनाभरात तिघं उरले, तेही दुपारी जेवायला गेले की संध्याकाळीच उगवायचे. मी रांजणापाशी बसून सगळं ऐकलेलं. एक दिवस हमीदभाईंनी एका पोराला निरोप वाचायला लावला आणि तो मध्येच अडला, तर पुढचे शब्द माझ्या तोंडून निघाले. मी पदर तोंडाला लावला. हमीदभाई वळून बघत राहिले.

"बाई, लिवता येतं?"

मी मान हलवली.

"लिव."

मी लिहिलं. त्यांनी कागद उजेडात धरला. "ह्या पोरांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची लाइन. हे बघा रे. बाई, उद्यापासून झाडू बाद में, पहले हे."

परवाना हमीदभाईंचा होता, आम्ही ते जवळ बसलेले असतानाच बोलायचं. पहिल्या दिवशी मी बटण दाबलं तेव्हा हात असा घामेजला की ते निसटलं. मग कळलं, समोर माणूस नसला की मला बोलता येतं. कुणी तोंडाकडं बघत नाही, कुणी हसत नाही. एक डबा, त्यातली खरखर, वाळला कडबा ओढत नेल्यासारखी, आणि त्या खरखरीच्या पलीकडं कुणीतरी माझ्या शब्दाची वाट बघतंय. मला त्या खोलीत जायची ओढ लागली. माझा आवाज तारेवरून कडुनिंबात जातो, तिथून दोन ओढे ओलांडून जातो, हे मनात आलं की मी एकटीच हसायचे. इतका आनंद मला त्याआधी कशातच झाला नव्हता, हे लिहायला पाहिजे, नाहीतर पुढचं खोटं वाटेल.

पलीकडं आमच्याच वाडीत गुरुजी होते. माहूरकडचे, नवीनच बदलून आलेले. त्यांनी आधीच लातूरला हमीदभाईंच्या दुकानात शिकून परीक्षा दिली होती, परवाना मिळवला होता. संच शाळेच्या खोलीत. सकाळी आठला, दुपारी बाराला, पाचला त्यांचा आवाज यायचा. "मुरुड, मुरुड, ऐकू येतंय का?" टँकर आला का, किती घागरी उरल्या, कुणी आजारी आहे का. कामाचं संपलं की ते हळूच विचारायचे, "पाणी प्यालात का, बाई?" हमीदभाई हसत दटावायचे, "मास्टर, घर का गप्पा नक्को."

आता एक गोष्ट सांगायची तर ती आधीच सांगावी लागते. माझ्या मालकांचं नाव मारोती. आमच्यात बायको नवऱ्याचं नाव घेत नाही. लग्नात उखाण्यात घेतलं ते पहिलं आणि शेवटचं. लिहायला मला काही वाटत नाही, हे बघा, लिहिलं. पण जिभेवर ते यायचंच नाही. देवाचं नाव म्हणूनसुद्धा नाही. आमच्या वाडीत घराआड एक मारोती होता, त्यामुळं निम्म्या सुनांची हीच गत. मारोतीच्या देवळामागं विहीर होती, तिला सगळा गाव मारोतीची विहीर म्हणायचा, आणि आम्ही सुना म्हणायचो खालची विहीर. माझी मैत्रीण सखू, तिचाही नवरा मारोतीच. ती घागर घेऊन दारात यायची आणि म्हणायची, "चल गं, खालच्या हिरीवर." दुसरं काही म्हणायचं आम्हाला सुचलंच नव्हतं.

शिकताना हे एकदा निघालं होतं. हमीदभाईंनी नावांची यादी वाचायला दिली. गणपत, दगडू, अब्दुल, मी सगळी वाचली आणि मारोतीपाशी थांबले. खोलीत तीन पोरं होती. एकाला कळलं.

"वहिनी, नाव घ्या, नाव!"

दुसरा म्हणाला, "उखाण्यात घ्या की, वायरलेसवर उखाणा! गुरुजी लिहून घेतील."

सगळे हसले, मीही पदराआड हसले. मालक दारात उभे होते, साहेबांचा निरोप घेऊन आलेले. तेही हसले, पण कान लाल झाले होते. हमीदभाई म्हणाले, "बाई, इधर नवरा नाही, सासरा नाही. इधर सिर्फ आवाज है." पण त्यांनी पुढचं नाव वाचायला सांगितलं. मला अडवून धरलं नाही. चांगला माणूस होता. त्या दिवशी वाईट असता तर बरं झालं असतं.

वैशाख संपता संपता वाडीत दोघांना जुलाब-उलट्या झाल्या. विहिरींचं पाणी बाटल्यांत भरून लातूरला तपासायला गेलं. वाडीत तेव्हा पाणी असलेल्या विहिरी दोनच उरल्या होत्या. एक देवळामागची. दुसरी ओढ्याच्या कोरड्या पात्रात त्याच उन्हाळ्यात लोकांनी नवीन खोदलेली, झरा बारीक पण चालू. मी मुरुडला आल्यानंतरची ती, मी बघितलेलीसुद्धा नव्हती.

दुपारचे तीन वाजले असतील. मालकच कागद घेऊन आले. साहेबांनी लिहून दिलेला. हमीदभाई बॅटरीशी झटत होते, चिमटा हातानं धरून ठेवला तरच संच चालत होता. त्यांनी मला मानेनं खूण केली. मी नेहमीसारखा निरोप माझ्या वहीत उतरवला. मारोतीच्या विहिरीचं पाणी दूषित. पिऊ नये. विहीर काट्या टाकून बंद करावी. दुसऱ्या विहिरीचं पाणी उकळून प्यावं. औषध घेऊन जीप उद्या येते.

मालक दारातच थांबले होते. त्यांच्याच वाडीचा निरोप, थांबणारच.

मी बटण दाबलं. तोंड उघडलं. आणि जे निघालं ते सखूशी बोलताना निघायचं तेच निघालं. "खालच्या विहिरीचं पाणी दूषित."

मी अडखळलेसुद्धा नाही. अडखळले असते तर हमीदभाईंनी वर बघितलं असतं. गुरुजींनी लिहून घेतलं, परत वाचलं. "खालच्या विहिरीचं पाणी दूषित, पिऊ नये, काट्या टाकून बंद करावी. बरोबर?" मी म्हणाले, "बरोबर." कारण ते बरोबरच होतं. माझ्या डोळ्यांपुढं देवळामागची विहीर होती, तिची झिजलेली पायरी, सखूची घागर. गुरुजींच्या डोळ्यांपुढं ओढा होता. परगावच्या माणसाला खालची म्हणजे ओढ्यातली, दुसरी कुठली वाटणार?

ते निरोप घेऊन बाहेर पडले, उन्हात स्वतः बाभळीच्या काट्या तोडल्या, चार गडी घेतले आणि ओढ्यातली विहीर बंद केली. दवंडीतही ओढ्यातलीच विहीर सांगितली. सगळा गाव देवळामागच्या विहिरीवर आला. निरोप गेलाच नसता तर निम्मी माणसं तरी ओढ्याचं पाणी पीत राहिली असती. माझ्या निरोपानं उरलेल्यांनाही तिथं नेलं. दुसऱ्या विहिरीचं पाणी उकळून प्या म्हणून सांगितलं होतं, पण जळण कुणाकडं होतं? ज्यांनी उकळलं ती वाचली. माझे सासू-सासरे वाचले.

जीप दुसऱ्या दिवशी निघाली नाही, दुसऱ्याच कुठल्या गावाला गेली. तिसऱ्या दिवशी पोचली. त्याच सकाळी आठला गुरुजींचा आवाज आला तो मला आजही ऐकू येतो. त्यांनी मुरुड, मुरुड म्हटलं नाही. नुसती नावं वाचली. मी लिहीत गेले. काशीबाईची धाकटी. रुक्माबाई, जिच्या हातात माझं पहिलं बाळ जन्मलं. आणि चौथ्या ओळीत सखू. मला वाटलं, मी चुकीचं लिहिलं. मी विचारलं, "सखूबाई, कुणाच्या?" गुरुजी म्हणाले, "मारोतीची बायको."

सखूनं ते माझ्या तोंडून ऐकलं असतं तर तिला बरोबर कळलं असतं, कुठली विहीर. सगळ्या वाडीत माझा निरोप समजणाऱ्या बाया होत्या. वायरलेसवर मात्र गुरुजी होते.

हनुमानाची विहीर म्हटलं असतं तरी भागलं असतं. ते मला नावं आली त्याच्या दुसऱ्या दिवशी सुचलं. इतकं सोपं. आजसुद्धा वाटी घासताना, निवडण करताना मध्येच ते शब्द तोंडात येतात. हनुमानाची विहीर. कुणी जवळ असलं तर विचारतं, काय म्हणालीस? मी म्हणते, काही नाही.

चौकशीला लातूरहून एक साहेब आले. धान्याच्याच खोलीत बसले. गुरुजींना वाडीहून बोलावलेलं. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आवाजावरून मला वयस्क वाटायचे, पण तिशीचे होते, पायात वहाणा नव्हत्या. साहेबांनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझ्या वहीतला, स्वच्छ अक्षरात, मारोतीची विहीर. दुसरा गुरुजींचा, खालची विहीर.

"मास्तर, मारोतीची आणि खालची, यात काही साम्य आहे का?"

"साहेब, मी ऐकलं ते लिहिलं."

"मग हा कागद खोटा?"

गुरुजी वाकले. माझं अक्षर बघितलं. बराच वेळ बघत राहिले. त्या कागदावर खाडाखोड नव्हती. साहेबांनी माझ्याकडं बघितलं. "बाई, तुम्ही काय वाचलंत?"

हमीदभाईही म्हणाले, "सांग बाई. मी बॅटरीला लागलो होतो. माझं ध्यान नव्हतं."

मालक दारात पाण्याच्या ग्लासांचं ताट धरून उभे. मी मान खाली घातली. सांगायचं म्हणजे, मी हे म्हणाले आणि ते म्हणाले नाही. जे म्हणाले नाही ते तिथं म्हणावं लागणार. मी गप्प राहिले. कुणीतरी म्हणालं, "बाई लाजतात साहेब, पहिल्यापासून अशाच." साहेबांनी मान हलवली.

तेव्हा गुरुजी सावकाश म्हणाले, "माझ्याच ऐकण्यात चूक झाली असंल."

कुणी त्यांना म्हणायला लावलं नव्हतं. अक्षर इतकं स्वच्छ होतं की त्यांना आपल्या कानापेक्षा ते खरं वाटलं.

दुपारी हमीदभाईंनी मला कडुनिंबाखाली गाठलं. विचारलं नाही, नुसते उभे राहिले. मी काडीनं धुळीत लिहिलं. मालकांचं नाव लिहिलं, आणि त्यापुढं, हे नाव घेता येत नाही म्हणून. त्यांनी वाचलं. वहाणेनं पुसलं. मग तिथंच, उन्हात, खाली बसले.

"कागद माझ्याकडं सरकवायचा ना, बाई," ते म्हणाले. "मैं बोल देता. मुझे क्या था."

ते आत गेले आणि साहेबांना म्हणाले, चूक माझी, संच माझा, परवाना माझा. माझं नाव त्यांनी काढलं नाही. साहेबांनी त्यांचंही लिहून घेतलं आणि गुरुजींचंही ठेवलं. संच बंद झाला. तांब्याची तार उतरवली. हमीदभाई ती गुंडाळून सायकलला अडकवून गेले, आणि पुन्हा मुरुडला आले नाहीत. गुरुजींना शाळेतून काढलं नाही, पण वाडीत कोणी आपलं पोर त्यांच्या शाळेत पाठवीना. त्यांच्या दारासमोर बाया थुंकायच्या. दिवाळीच्या आत ते नोकरी सोडून गेले.

मालकांना मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुलीपाशी. ते चहाची वाट बघत होते.

"त्या दिवशी मी खालची म्हणाले. तुमचं नाव हाय म्हणून."

त्यांनी कप खाली ठेवला. "कुणाला बोललीस?"

"हमीदभाईला. लिहून."

"अजून?"

"न्हाई."

बाहेर घागरी घेऊन बाया चालल्या होत्या. त्या जाईपर्यंत ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "आई-बाप तिथंच हायेत. लोक घरात राहू देतील का त्यांना? तवा नाव घेतलं न्हाई, आता बी घेऊ नको."

त्यांनी चहा प्याला आणि कामाला गेले. वाईट माणूस नव्हते. त्या साली ते वाडीत गेले की देवळाकडं बघायचे नाहीत. मी आयुष्यभर त्यांचं ऐकलं. पाऊस त्याच वर्षी आला, मग दुसरे दुष्काळ आले, जिल्ह्याच्या पाट्यांवर नवा रंग बसला, खालचं नाव दिसेनासं झालं. आणखी मुलं झाली, मोठी झाली. माहूरची रेणुकामाता आमची देवी, घरातले सगळे जायचे. माझं प्रत्येक वेळी काहीतरी निघायचं. कधी पाय दुखला, कधी म्हैस व्याली. गुरुजी माहूरकडचे, एवढंच मला माहीत होतं, आणि तेवढंच पुरेसं होतं.

मालक दोन वर्षांमागं गेले. गेल्या चैत्रात सून माहूरला जाऊन आली आणि ओटीचा प्रसाद वाटताना सहज म्हणाली, "आत्या, पायऱ्यांखाली एक म्हातारा दुकानदार हाय, प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतो. नारळ म्हटलं तर म्हणे, काय म्हणालात, नारळ? बहिरा न्हाई हो, हळू बोललेलं बी ऐकतो. पूर्वी आपल्याकडच्या वाडीत मास्तर होता म्हणे."

परवा मोबाइल किंचाळला, आणि काल मी गेले. एकटी, नांदेडवरून, दोन एसटी बदलून.

दुकान लहानच आहे. खण, नारळ, कुंकवाचे ढीग, आत कुणीतरी तांबूल कुटत होतं, त्याचा वास. पांढरी टोपी, जाड भिंगांचा चष्मा. मी म्हणाले, "ओटीचं एक ताट द्या."

"काय म्हणालात?"

"ओटीचं ताट."

"ओटीचं ताट. एक?"

"एक."

त्यांचा हात खणावर थांबला. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही, मान वाकडी करून कान माझ्याकडं केला.

"मुरुड," ते म्हणाले.

मी हाव म्हणाले.

त्यांना आनंद झाला. स्टूल पुसून दिलं, चहा सांगितला. "बाई, तुमचा आवाज लई स्वच्छ यायचा हो. सगळ्यांना मी तेच सांगत आलो. आवाज स्वच्छ होता, अक्षर स्वच्छ होतं. माझेच कान. नांदेडला दाखवले, हैदराबादला दाखवले. डॉक्टर म्हणतात काही नाही. पण काही नाही कसं? चार माणसं गेली." ते बोलत होते आणि नारळ ताटात ठेवत होते, काढत होते, पुन्हा ठेवत होते.

मी सांगितलं. साहेबांचा कागद, माझी वही, बटण. मी कागदावर मारोतीची लिहिलं आणि तोंडानं खालची म्हणाले. माझ्या मालकांचं नाव मारोती होतं. मी नाव घेतलं. गर्दी होती, कुणी वळून बघितलं नाही.

"काय म्हणालात?" गुरुजी म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. तुम्ही बरोबर ऐकलं. मी खालचीच म्हणाले होते.

"खालची म्हणाला होतात?"

"हाव. खालची."

त्यांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, घातला. मग आतल्या बाजूला तोंड करून हाक मारली. "अगं, बाहेर ये. ह्या बाई काय म्हणतात ते तू ऐक. मला बरोबर ऐकू येतंय का, तेवढं सांग."

त्यांची बायको बाहेर आली. म्हातारी, बोटं तांबुलानं लाल. मी उभी राहिले आणि तिसऱ्यांदा पहिल्यापासून सगळं सांगितलं, नावासकट. गुरुजी माझ्याकडं बघत नव्हते, तिच्या तोंडाकडं बघत होते. संपल्यावर तिनं लाल बोटं पदराला पुसली. मला ती काही म्हणाली नाही. मला काही म्हणेल म्हणून मी थांबले होते.

ती गुरुजींकडं वळली. "बरोबर ऐकलं तुम्ही," ती म्हणाली. "तवा बी बरोबरच ऐकलं होतं."

गुरुजींनी तिच्याकडं कान केला आणि विचारलं, "काय म्हणालीस?"